दारात कोण आलं असेल

११ फेब्रुवारी, बुधवार

आज जाहिरात लागली. संध्याकाळच्या बातम्यांच्या जरा आधी. मी भांडी घासत होते, साबणाचे हात तसेच घेऊन बाहेर आले आणि उभीच राहिले.

तीस सेकंदांची आहे. तो बनियनवर उभा राहून शर्टाला इस्त्री करतोय. मग शर्ट अंगात घालतो, अत्तराची बाटली उचलतो, गळ्याशी दोनदा फवारतो. दाराची घंटा वाजते. तो वळतो, बघतो आणि हसतो. झालं. मग नुसती बाटली आणि खाली नाव. दारात कोण आलंय ते दाखवतच नाहीत.

इतकी वर्षं जाहिरातींत त्याची पाठ दिसायची. बँकेच्या रांगेतला माणूस, विम्याच्या जाहिरातीत छत्री धरलेला हात. गाडी शिकवायची नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी हे उद्योग. टिल्लू लहान असताना टीव्हीपुढे बसून सगळ्यांना सांगायची, ‘ते कोपर आमच्या बाबाचं आहे.’ आणि आज अख्खा चेहरा. कानाजवळचे पांढरे केस रंगवले नाहीत, ते बरं केलं.

बघायला तो नाही. नोव्हेंबरात शूटिंग झालं आणि काही आठवड्यांतच तो गेला, एका शिकाऊ बाईच्या शेजारी बसलेला असताना. छातीत कळ आली तरी गाडी त्यानेच थांबवली, आपल्या बाजूचा ब्रेक दाबून. त्या बाईला खरचटलंसुद्धा नाही. कंपनीने मला विचारलं, जाहिरात दाखवू की नको. मी म्हटलं दाखवा, पण तो नाही हे कुठे लिहू नका. तसं का म्हटलं ते तेव्हा माझं मलाही कळलं नव्हतं. आज कळलं. त्या तीस सेकंदांत त्याला काहीही झालेलं नाही.

टिल्लू जाहिरात सुरू होताच उठून आत गेली. मोबाइल चार्जिंगला लावायचा होता म्हणे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी टीव्ही लावलेला असतो. मी मागच्या खोलीत भिंगं घासते, मध्ये नुसता पडदा. आज दोन बायका फ्रेम लावून बघत होत्या आणि जाहिरात लागली.

एक म्हणाली, “असा इस्त्री करणारा मिळाला असता तर मी घंटा वाजवत बसलेच नसते. सरळ किल्लीने दार उघडून आत.”

दुसरी म्हणाली, “जाहिरातीपुरतं असतं गं. घरी बायकोच करत असेल.”

मला वाटलं पडदा बाजूला सारून सांगावं. स्वतःचे कपडे तोच इस्त्री करायचा. माझेही करायचा, आणि बाहीला हमखास दोन घड्या पाडायचा. पण चाकावर कुणाचं तरी भिंग होतं. मालकांना सगळं माहीत आहे. त्यांनी घाईघाईने आवाज कमी केला. मी आतूनच म्हटलं, “राहू द्या, मोठा असू द्या.”

पहिलीने फ्रेम घेतली नाही, पण जाताना दारात थांबून जाहिरात पुन्हा लागते का बघत होती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मोबाइलवर जाहिरातीखाली लोकांनी किती लिहिलंय. डबा खाता खाता वाचत बसले, जेवणाची सुट्टी संपली तरी वाचतच होते. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून ‘इस्त्रीकाका’ ठेवलंय. अत्तराबद्दल कुणी बोलत नाही. सगळा वाद एकच, दारात कोण आलं असेल. कुणी म्हणतं बायको, कुणी म्हणतं जुनी मैत्रीण. एकाचं ठाम मत आहे की शेजारी इस्त्री परत मागायला आलाय. एका पोरीने लिहिलंय, माझ्याकडे बघून एकदा कुणी असं हसलं तर मला आयुष्यात बाकी काही नको.

ते हसू माझ्या चांगलं ओळखीचं आहे. सांगितलेली वस्तू आणायला विसरला की असं हसायचा. लोक त्याला प्रेम म्हणतायत. म्हणू देत.

एकीने विचारलंय, याचा आवाज कसा असेल? जाहिरातीत तो बोलतच नाही. मी सांगू शकते. फोनवर जरा जास्तच जड यायचा, स्वतःला कुणी मोठा अधिकारी समजून बोलल्यासारखा. आणि फोन करायचा तोही उगाच. मागे एकदा मी भर कामात असताना केला. पाठीमागे कुणीतरी ‘लाइट तयार आहेत का’ म्हणून ओरडत होतं, मला वाटलं गाडी शिकवायच्या शाळेतली वीज गेली.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही.”

“माझं भिंग चाकावर आहे. काही नाही ते घरी येऊन सांग.”

तो हसत सुटला. हसतच फोन ठेवला. संध्याकाळी आला तेव्हा विचारलं, काय सांगायचं होतं? तर म्हणाला, “काही नाही.” असा माणूस.

२१ फेब्रुवारी, शनिवार

त्याचं इंटरनेटवरचं पान लोकांनी शोधून काढलंय. तिथे गाडी शिकणाऱ्यांसाठी तो काहीबाही टाकायचा, चढावर क्लच कसा सोडायचा वगैरे. आता खाली प्रश्नच प्रश्न. त्याचा मोबाइल मी रोज चार्ज करून ठेवते, तो काही बंद पडू दिलेला नाही.

आज एका मुलाने विचारलं, काका, कॉलर इतकी कडक कशी राहते? उत्तर मला येत होतं. आधी उलट बाजूने, टोकांकडून मधे. मी लिहून टाकलं. त्याने लगेच लिहिलं, थँक यू काका.

काका म्हणाला. म्हणजे त्याच्या दृष्टीने इकडे तोच बसलेला होता, मोबाइल हातात घेऊन.

२८ फेब्रुवारी, शनिवार

रोज पाच-सहा उत्तरं देते. खोटं काही लिहीत नाही. त्याला जे माहीत होतं, तेवढंच. परीक्षेत नापास झालेल्या एकाला लिहिलं, माझ्याकडचे कितीतरी लोक पहिल्या खेपेला नापास व्हायचे आणि आज तेच माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवतात. हे तो प्रत्येकाला सांगायचा. त्या माणसाने लिहिलं, तुमच्याशी बोलून हलकं वाटलं. मलाही वाटलं.

आज टिल्लूने ते वाचलं. टिल्लू नाव तिच्या बाबाने ठेवलेलं, जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून. आता एकोणीस वर्षांची आहे आणि माझ्याहून उंच.

“हे तू लिहितेस,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“बाबा स्वल्पविराम द्यायचाच नाही. सगळं एका दमात लिहायचा. त्याच्या तोंडून तू कशाला बोलतेस?”

“लोकांना बरं वाटतं.”

“लोकांना?” एवढंच म्हणून ती गेली.

पोरीचं काळीज जरा कठीण आहे. जाहिरात बघत नाही, त्याचं नाव काढत नाही, रडताना तर मी तिला बघितलेलंच नाही. कॉलेजातून आली की आमच्या खोलीत दार लावून अभ्यास करते, तो गेल्यापासून रोज. तिथे उजेड चांगला आहे म्हणते.

२ मार्च, सोमवार

आज स्वल्पविराम न देता एक उत्तर लिहून बघितलं. जमलं नाही. मधेच श्वास लागतो.

६ मार्च, शुक्रवार

कंपनीने जाहिरातीसोबत अत्तराच्या बाटल्या पाठवल्या होत्या. खोकं तसंच पलंगाखाली पडलं होतं. लोक सारखे विचारतात वास कसा आहे, म्हणून आज एक फोडली. हातावर मारून कळेना. मग आमच्या खोलीच्या दारामागे त्याचा निळा शर्ट होता, शेवटी अंगातून काढलेला, तो मी खुंटीवरून हलवलाच नव्हता. त्याच्या कॉलरवर फवारलं. दोनदा, जाहिरातीतल्यासारखं.

खोलीत एक माणूस आला. उंची कपड्यातला, चांगल्या घरचा. पण माझा नव्हता.

मला काय झालं कोण जाणे, मी तो शर्ट तसाच नेऊन बादलीत बुडवला. तीन पाण्यांतून काढला. दोरीवर घालताना नाकाशी धरला. साबणाचा वास आला, नुसत्या साबणाचा. दाढीचं क्रीम, पेपरमिंटच्या गोळ्या, गाडीची तापलेली सीट, असं सगळं मिळून जे काही होतं ते मोरीतून वाहून गेलं होतं. मी बराच वेळ दोरीखाली उभी होते.

संध्याकाळी टिल्लूने दारामागे बघितलं.

“शर्ट?”

“धुतला.”

ती रिकाम्या खुंटीकडे बघत राहिली. मग पायात चपला घालून बाहेर गेली, आली ती अंधार पडल्यावर, आणि जेवली नाही. त्याच्या वस्तूंना मी हात लावलेला तिला चालत नाही, हे आता लक्षात आलं. पण एका शर्टावरून इतकं?

९ मार्च, सोमवार

टिल्लू आता बाहेरच्या खोलीत अभ्यास करते. उजेडाचं काय झालं, विचारलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

जाहिरात कंपनीतली मुलगी दुकानात आली होती. लोकांच्या प्रतिक्रिया वाचून त्यांचा अहवाल करणं हेच तिचं काम. मी तिला चहा पाजला, तिचा चष्मा ढिला झाला होता तो घट्ट करून दिला.

जरा घुटमळून म्हणाली, “मॅडम, त्यांच्या पानावर उत्तरं तुम्हीच देताय ना?”

मी हो म्हटलं.

“मी कुणाला सांगितलेलं नाही. पण आता लोक भेटायला मागतील. तेव्हा काय कराल?”

मी विषय बदलला, शूटिंगचं काहीतरी सांग म्हटलं. ती खुलली. म्हणाली, सगळं पटापट झालं, पण ते शेवटचं हसू काही केल्या येईना. एकदा दातच फार दिसले, एकदा चेहरा शाळेच्या ओळखपत्रावरच्या फोटोसारखा. दिग्दर्शक वैतागले. सगळे लाइट पुन्हा लावायला घेतले, तेवढ्यात हा म्हणाला, मी आलोच, आणि कोपऱ्यात जाऊन कुणाला तरी फोन लावला. परत आला तो मोबाइल खिशात टाकत, हसतच. कॅमेरा चालू केला आणि एका झटक्यात झालं.

“कुणाशी बोलत होते ते नाही माहीत,” ती म्हणाली.

मला माहीत आहे. त्याच्या गाडी शिकवायच्या शाळेतला मेकॅनिक. त्याचे विनोद इतके टुकार असायचे, आणि हा त्यावर पोट धरून हसायचा. एकदा जाऊन मेकॅनिकला सांगायला हवं, त्याला बरं वाटेल.

आणि खरं लिहायचं तर मला थोडं लागलं. इतके दिवस मी उगाच समजत होते की त्या क्षणी माझा काहीतरी संबंध असेल.

१६ मार्च, सोमवार

ती मुलगी म्हणाली तसंच झालं. एका सुनेने लिहिलंय. जसंच्या तसं उतरवते:

‘माझ्या सासूबाईंची वाचा गेली आहे. दोनच शब्द उरलेत, आला का. सासरे लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, त्यांना जाऊन खूप वर्षं झाली. तुमच्या जाहिरातीची वेळ झाली की सासूबाई माझ्याकडून केस विंचरून घेतात. घंटा वाजली की टीव्हीकडे बोट करतात, आला का. तुम्ही एकदा येऊन गेलात तर फार उपकार होतील. पाच मिनिटं. चहासुद्धा घेऊ नका हवं तर.’

पत्ता दिलाय. आमच्यापासून दोन बस बदलून.

मी लिहिलं, कामात आहे, बघतो.

‘बघतो’ लिहिताना हात अडला नाही. सवय झालीय.

२० मार्च, शुक्रवार

सुनेने पुन्हा लिहिलं. तगादा नाही, कळवलंय फक्त. तब्येत उतरतेय, डॉक्टर काही बोलत नाहीत, रविवारी आम्ही सगळे घरीच आहोत.

दिवसभर भिंगं बिघडवली. एक तर उलटं घासलं, मालकांनी ते गुपचूप बाजूला ठेवलं. घरी आल्यावर टिल्लूला मोबाइल दाखवला. तिने सगळं वाचलं, माझं ‘बघतो’सुद्धा.

“मी जाते रविवारी,” मी म्हटलं. “खरं काय ते सांगून येते.”

“मी येते बरोबर.”

“तू कशाला?”

“एकटी गेलीस तर अजून एखादं खोटं बोलून येशील.”

२२ मार्च, रविवार

जमेल तेवढं सगळं लिहून ठेवते.

तिसरा मजला. आम्ही घरचे येतोय, एवढंच मी काल कळवलं होतं. दार उघडलं ते सुनेनेच. माझ्याच वयाची, साडीला ओली बोटं पुसलेली. तिने मला बघितलं, टिल्लूला बघितलं, आणि मग आमच्या मागे जिन्याकडे बघितलं.

“ते गाडी लावतायत का?”

मी म्हटलं, “जरा आत बोलू या का?”

तिने स्वयंपाकघरात नेलं. टिल्लू बाहेरच थांबली. ओट्यावर नवे कप मांडलेले होते, त्यांच्यावरची चिकटपट्टीसुद्धा अजून निघाली नव्हती. तिथे उभ्या उभ्या मी सांगितलं. तो नाही. जाहिरात लागायच्या आधीच गेला. मी त्याची बायको. उत्तरं मी लिहीत होते.

ती स्टुलावर बसली. एका कपावरची चिकटपट्टी नखाने सोलली. मग म्हणाली, “मी काल पडदे धुतले.”

“मला माफ करा.”

“तुम्ही ‘बघतो’ लिहिलंत ना, ते मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी काल रात्री मला स्वतःची चांगली साडी काढायला लावली, बोट दाखवून. सकाळपासून नेसून बसल्यात. आता त्यांना काय सांगू? तुम्हीच सांगा.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिथे तशीच उभी, हातात पर्स धरून. एवढ्या लोकांना बरं वाटायला लावलं म्हणून मी मनातल्या मनात मिरवत होते, आणि त्यातल्या एकीच्या स्वयंपाकघरात मला कुठे बघावं कळत नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. खरखरीत, पण स्पष्ट.

“आला.”

सून ताडकन उठली. “‘का’ म्हणाल्या नाहीत,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी दारात गेलो.

आजी खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. केस चापूनचोपून विंचरलेले, साडी जांभळी. टिल्लू पलंगाच्या कडेला बसली होती आणि आजींनी तिचा चेहरा एका हातात धरला होता, हनुवटीपासून कानापर्यंत. दुसरा हात चालत नाही त्यांचा. टिल्लू हसत होती. तिच्या बाबाचं हसू. विसरून आल्यावरचं. ते तिच्याकडे आहे हे मला माहीत होतं, पण कित्येक महिन्यांत तिने ते बाहेर काढलंच नव्हतं.

“आला,” आजी पुन्हा म्हणाल्या.

टिल्लू म्हणाली, “हो आजी. आलो.”

आले नाही म्हणाली. आलो. मला स्वल्पविरामावरून बोलणारी माझी लेक. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. आजींनी तिच्या गालावरून हात फिरवला, केस मागे सारले, आणि मग डोळे मिटून उशीला टेकल्या, पण तिचं मनगट सोडलं नाही. पकड सुटेपर्यंत टिल्लू हलली नाही.

सुनेने चहा केला. नव्या कपांतून. माझ्या हातात कप देताना म्हणाली, “तुमच्यावरचा राग काही गेलेला नाही.”

“नसूच दे,” मी म्हटलं.

“मुलीला पुन्हा पाठवाल?”

परतीच्या बसमध्ये टिल्लू खिडकीकडे तोंड करून बसली होती. दुसऱ्या बसमध्ये चढल्यावर म्हणाली, “आई, मला बाबाचा वास आठवत नाहीये.”

मी तिच्याकडे वळले.

“मी रोज घ्यायचे. शर्टाचा. दार लावून. थोडाच घ्यायचे, संपू नये म्हणून.”

बस भरलेली होती. मी तिचा हात मांडीवर घेतला. तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि आमचा थांबा येईपर्यंत माझी बाही भिजली. आपण आपल्या पोरीला किती कमी ओळखतो.

२४ मार्च, मंगळवार

टिल्लूने लिहिलं, आम्हा दोघींच्या नावाने. मी शेजारी बसले होते. ‘हे आमच्या घरचे होते. जाहिरात लागायच्या आधीच ते गेले. आजवरची उत्तरं त्यांच्या बायकोने दिली. चूक झाली. कॉलरची युक्ती मात्र त्यांचीच आहे.’ शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं. जाहिरातवाल्या मुलीला आधी फोन करून कळवलं. ती म्हणाली, मला अहवालात काय लिहायचं ते सुचत नाहीये, मॅडम.

२७ मार्च, शुक्रवार

लोकांनी मेणबत्त्यांची चित्रं टाकलीत, हात जोडलेत. काही चिडलेत, फसवलं म्हणतायत, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्या पोरीला तसं हसणारं कुणीतरी हवं होतं, तिने नुसतं एक टिंब टाकलंय.

दारात कोण आलं असेल, हे आता कुणीच विचारत नाही. इतके दिवस तो दाराकडे वळायचा आणि पुढे काहीही होऊ शकत होतं. आता सगळ्यांना पुढचं माहीत आहे. मी आज त्याचा मोबाइल चार्जिंगला लावला नाही. नंतर लावला.

१ एप्रिल, बुधवार

जाहिरातीची मुदत काल संपली. संध्याकाळी बातम्यांच्या आधी आम्ही दोघी टीव्हीपुढे बसलो, एकमेकींना न सांगता. टिल्लूसुद्धा. त्या जागी कपडे धुवायच्या पावडरची जाहिरात लागली. ती पूर्ण बघितली.

१२ एप्रिल, रविवार

टिल्लू आता दर रविवारी आजींकडे जाते. आज तिसरा रविवार. टीव्हीवर आता तो त्यांना दिसत नाही, पण रविवार कळतो म्हणे, सकाळीच कंगवा मागतात. सुनेचा मला काही फोन नसतो. आज डबा पाठवते, असा निरोप मात्र तिने मागच्या रविवारी टिल्लूकडे दिला होता.

दुपारपासून घरात मी एकटी. त्याच्या शर्टांचा एक गठ्ठा कपाटात होता, तो काढून इस्त्री केली. का, ते माहीत नाही. बाहीला एकच घडी पडली. मग खिडकीशी बसले. ऊन समोरच्या भिंतीवरून खाली उतरलं, खालच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला आणि बंद केला.

सहाच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. मी आधी नुसती ऐकते, कुणाची ते ओळखणं मागाहून होतं, आणि या दोन्हींच्या मधे एवढीशी जागा असते. तिथे मी रोज जरा वेळ थांबते.

टिल्लूची होती. मी उठले आणि तिने घंटा वाजवायच्या आत दार उघडलं.